एकवीस गिअरचा नवस

‘…सुमतीला यातलं काही कळता कामा नये. शिवरात्रीच्या आधी मी महादेवाकडे निघतो. आणि परत…’

अन् तेवढ्यात पाण्याची मोटर सुरू झाली. आता तुम्हीच सांगा, मोटरले हीच वेळ भेटली होती का? दिवसभर नळाले थेंब नाही, अन् इकडं माणूस महत्त्वाचं बोलून राहिला की घर्रर्र… मी काही कान लावून उभी नव्हती बरं. मले काय करायचं आहे? मी कढीपत्ता तोडून राहिली होती. आता झाड भिंतीले लागून आहे, अन् भिंतीच्या पलीकडं मार्तंडभाऊजी फोनवर बोलून राहिले, यात माहा काय दोष? कढीपत्ता काय डोळे मिटून, कानात बोळे घालून तोडायचा?

पण ‘परत’ म्हणजे काय परत? परत येत नाही? परत तोंड दाखवत नाही? बाप्पा, माह्या हातातली डहाळी हातातच राहिली. बावीस वर्षं झाली आम्हाले नागपूरजवळच्या वाडीच्या या लेआउटमधी एकमेकाच्या शेजारी राहून. भाऊजी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकून, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. देवाच्या दारात कधी चप्पल काढली नाही त्या माणसानं, अन् तो म्हणते महादेवाकडे निघतो. आपल्याकडं महादेव म्हटलं की पचमढीचा, तिकडं सातपुड्यात, चौरागडावर, हजाराच्या वर पायऱ्या. तिथं साधू बसतात. मी डोळ्यासमोर भाऊजींले राख फासून पाहिलं. चष्मा तेवढा तोच होता.

मी हे कोणाले म्हणजे कोणाले सांगितलं नाही. फक्त आमच्या ह्यांले सांगितलं, चंपतरावांले, नवऱ्यापासून काय लपवायचं? अन् तुळसाबाईले सांगितलं. पण ती आमच्या दोन्ही घरची भांडी घासते, एक माणूस संन्याशी झाला तं भांडी किती कमी होतीन, हे तिले माहीत पाहिजे का नाही? संध्याकाळपर्यंत पाचव्या घरची बाई मले विचारते, ‘काहून वं गोपिका, मार्तंडरावांनी दाढी वाढवली म्हणते?’ मी म्हटलं, असं कोण बोललं? लोकांच्या तोंडाले काही लगाम नाही, खरंच.

मग मी सांबारवड्या केल्या. थंडीचे दिवस, सांबार स्वस्त, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, वड्या तं कराच लागतात. अन् केल्या की शेजारी द्याच लागतात. सुमती, म्हणजे भाऊजींची बायको, दुपारची झोपते, डॉक्टरनं सांगितलं आहे, म्हणून मी दुपारीच गेली. भाऊजी व्हरांड्यात बसले होते, मांडीवर ते मोठं रजिस्टर, कचेरीतलं. मले पाहून झटकन मिटलं. मी बशी अशी ठेवली की रजिस्टर हलवल्याबिगर बशीले जागाच नाही. तं काय दिसलं? आखलेले रकाने. अनुक्रमांक, सायकलीचं नाव, वजन, गिअर, किंमत, शेरा.

मी म्हटलं, ‘भाऊजी, संन्याशाले सायकल कशाले लागते?’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं माह्याकडं. म्हणाले, ‘वहिनी, हे तुम्ही विचारता? तुम्ही?’

अन् तेव्हा मले आठवलं. अय्यो.

तुम्हाले सुरुवातीपासून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुमतीचं ऑपरेशन होतं, रामदासपेठेतल्या दवाखान्यात. दोन तास म्हणून आत नेलं अन् पाच तास झाले तरी बाहेर काढेना. कोणी काही सांगेना. भाऊजी बाकावर बसलेले, हातात सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून राहिले, लावले की विसकटून पुन्हा लावून राहिले. त्यांचा पोरगा गौरांग पुण्याहून निघाला होता, रस्त्यात. माह्यानं काही ते पाहवलं नाही. मी तिथंच भिंतीकडं तोंड करून हात जोडले अन् मोठ्यानं म्हटलं, ‘महादेवा, माह्या सुमतीले धडधाकट बाहेर काढ. भाऊजी तुह्या दारात येतीन… सायकलीवर येतीन.’

आता तुम्ही म्हणान, सायकलीवर काहून? सांगते ना. चालत येतीन म्हटलं तं माणसाचे गुडघे दुखतात, मले माहीत आहे, जिना उतरताना ते रेलिंगशी बोलतात. बसनं येतीन म्हटलं तं महादेव म्हणन, हा काय नवस झाला का, बसनं तं कोणीही येते. म्हणून मी मधलं काढलं. किती विचार केला पाहा मी त्या घाईतही त्यांच्या गुडघ्याचा! अन् नवस बोलताना पाय कोणाचे हे कोण पाहते? आपल्याकडं तं असंच असते. पोरगा पास झाला तं बाप लोटांगण घालन म्हणून आजी बोलून मोकळी.

सुमती बाहेर आली. ठणठणीत. महिनाभरात भाकरी थापायले लागली. मी तं विसरून गेली होती. पण भाऊजी कारकून माणूस. तोंडी हुकूम झाला तरी त्याची नोंद ठेवणारा.

मी म्हटलं, ‘भाऊजी, जाऊ द्या ना, तुम्ही कुठी मानता हे सगळं?’

तं त्यांनी रजिस्टरवरून हात फिरवला. म्हणाले, ‘मी मानत नाही, वहिनी. पण शिवरात्रीनंतर तिची सहा महिन्यांची तपासणी आहे. न मानून पाहायची हिंमत नाही माझ्यात.’

मी बशीतली एक वडी उचलून त्यांच्या हातावर ठेवली. एकही सवाल न विचारता. असं वर्षातून एखाद्या वेळी होते माह्याकडून.

सुमतीले सांगायचं नव्हतं, कारण तिनं एका शब्दात सगळं बंद केलं असतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, तीस वर्षांत सायकलीवर बसला नाही, अन् निघाला सातपुडा चढायले! साध्या सायकलीनं तो घाट चढत नाही, म्हणून माउंटन बाइक. अन् ऑपरेशनानंतर हातात राहिले होते पंधरा हजार. एवढ्यात जी येईन ती. मले विचाराल तं माहा एकच सवाल होता, नागपुरात माउंटन कुठी आहे? पण मले काय करायचं आहे? मी म्हटलं, मी येते दुकानात. एकट्या माणसाले फसवतात.

पण दुकानात जायच्या आधी कोटेशनं! तीन दुकानाची तीन कोटेशनं पाहिजेत म्हणे, सरकारी नियम आहे. मी म्हटलं, भाऊजी, सरकार कुठी घेऊन राहिलं सायकल? पण नाही. वीस दिवस नुसता कागद. फ्रेम लोखंडाची का अॅल्युमिनियमची, चाक किती इंची, समोर धक्के झेलणारा जम्पर आहे का नाही. सगळ्याचा तक्ता. मोबाइलवर रात्रंदिवस कोणी ना कोणी पोरगा सायकलीवरून दगडावर उड्या मारून राहिला, अन् हे त्याची लेखी टिपणी काढून राहिले. शेवटी एक दुकान ठरलं, बर्डीवरचं, सगळ्यात कमी दर, चौदा हजार दोनशे.

गेलो आम्ही. भाऊजी, मी, अन् आमचे हे. ह्यांले मी म्हटलं होतं तुमचं काही काम नाही. हे वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमधी माल मोजतात, पण मूळचा माणूस शेतीवाडीचा, अंगात अजून बैलबाजार आहे. म्हणाले, ‘चालतं जनावर घ्यायचं आहे ना? मंग मी पाहिजे.’

दुकानात साहिल नावाचा पोरगा. कानात बाळी, अंगावर काळा टीशर्ट. विचारते, ‘अंकल, टेरेन कैसा है? सिटी राइड की ट्रेल?’

भाऊजी म्हणाले, ‘महादेव.’

तो म्हणे, ‘ये कौन सा ट्रेल है? नया खुला क्या?’

मी समजावून सांगायले लागली तं मले म्हणते, ‘आंटी, आपण बसा ना.’ मले. बसा म्हणते. बसली मी, पण असं स्टूल ओढून बसली की गल्ला अन् सायकली दोन्ही दिसले पाहिजेत.

त्यानं चौदा हजार दोनशेची काढली. लालभडक, अंगभर चिन्हं, जसा तान्ह्या पोळ्याले पोरं सजवतात तो लाकडी बैल. भाऊजी खूश, तक्त्याप्रमाणे सगळं बरोबर. अन् आमच्या ह्यांनी काय केलं? सायकलीभोवती एक चक्कर मारली. पाठीवर थाप दिली, म्हणजे सीटवर. समोरचा जम्पर दाबून पाहिला, जसं खांदा दाबतात बैलाचा. दहा पावलं चालवत नेली, मागून पाहत, लंगडते का म्हणून. अन् मग खाली बसले, मागच्या चाकाजवळ, तो जो चक्रांचा ढीग असते ना साखळीचा, त्यातलं सगळ्यात मोठं चक्र धरलं, अन् बोट लावून दात मोजायले लागले.

मी पदर तोंडाले लावला. बर्डीवर, भर दुकानात, माहा नवरा सायकलीचे दात मोजून राहिला! दोन गिऱ्हाइकं थांबून पाहून राहिली. मी मान फिरवली, म्हटलं आपला काही संबंध नाही या माणसाशी.

‘अठ्ठावीस,’ हे म्हणाले. उठले. दुसरी पाहिली. ‘अठ्ठावीस.’ तिसरी, ‘अठ्ठावीस.’ मग गेले कोपऱ्यात. तिथं एक मळकट राखी रंगाची उभी होती, धूळ बसलेली, कोणी पाहत नव्हतं तिच्याकडं. मोजले दात. ‘चौतीस. भाऊ, ही घ्या.’

अन् तो साहिल, मघापासून मोबाइलमधी तोंड खुपसून होता तो, त्यानं मोबाइल खिशात टाकला. म्हणे, ‘अंकल, आप राइडर हो क्या? पहाड पे यही तो चाहिए. पीछे जितने ज्यादा दाँत, चढाई उतनी हलकी. लोग तो कलर देखते हैं.’

घ्या! माह्या नवऱ्याले एकाच दिवसात इज्जत. मी मान पुन्हा इकडं फिरवली. संबंध नाही कसा, अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे.

पण राखी सायकल साडेअठरा हजाराची. भाऊजींचा चेहरा उतरला. तक्ता काढला. म्हणाले, ‘चंपतराव, नियमानं कमी दराचीच घ्यावी लागते.’ हे म्हणाले, ‘चढावर नियम नाही वढत, दात वढतात.’ भाऊजी लालभडकीकडं पाहतात, राखीकडं पाहतात, मग खिशावर हात ठेवतात. तिथं पंधरा हजाराचं पाकीट होतं, सुमतीच्या औषधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. मी तुम्हाले सांगते, तेव्हा मले पहिल्यांदा वाटलं, गोपिके, बसनं म्हटलं असतं तं काय झालं असतं?

अन् तेवढ्यात ह्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् साहिलच्या हातावर टाकला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर कपडा टाकायचा अन् खालून एकमेकाची बोटं दाबायची. किती बोटं, तितके हजार. बाजूच्याले कळत नाही अन् कोणाची फजिती होत नाही. पण हे साहिलले कोण सांगन? त्याले वाटलं अंकल त्याची अंगठी काढून राहिले. तो हात सोडवून घ्यायले गेला, त्या धडपडीत त्याच्याकडून बोटं दाबल्या गेली, अन् हे गंभीरपणे म्हणतात, ‘बारा म्हणते. झाला सौदा.’

साहिल ओरडला, ‘सेठजीऽ!’

आतून मालक आला. म्हातारा, पांढरं धोतर. त्यानं दुपट्टा पाहिला, साहिलले पाहिलं, ह्यांले पाहिलं, अन् जो हसला, जो हसला. त्याचा बाप गांधीबागेत कापडाचा दलाल होता म्हणे, तिथं रुमालाखाली असेच भाव चालत. चाळीस वर्षांनी कोणीतरी हातावर कपडा टाकला म्हणते. साहिलले बाजूले सारलं, स्टूल घेतलं अन् स्वतःचा हात घातला दुपट्ट्याखाली.

अन् मग तीन मिनिटं दोघं एकमेकाच्या डोळ्यात पाहत बसले. वर कपडा हलून राहिला. कोणी बोलेना. मी स्टूल सरकवलं. काही दिसेना. मी उठून मागं गेली. काही दिसेना. आयुष्यात मले माह्या माणसाचा एवढा राग कधी आला नाही, दोन हातावर माह्या नाकासमोर भाव ठरून राहिला अन् मले तो दिसत नाही! सेठजी मान हलवते, हे मान हलवतात, सेठजी उसासा टाकते… अन् झालं. दुपट्टा झटकला. हे म्हणाले, ‘भाऊ, पंधरा द्या.’ भाऊजींनी पाकीट दिलं. वरून एक हेल्मेट अन् घंटी.

साडेअठराची सायकल पंधरात कशी आली? घरी येईपर्यंत मी सतरा वेळा विचारलं. हे म्हणाले, ‘दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखालीच राहते.’ पण ह्यांच्या मोबाइलची काच फुटली होती, नवा घेणार होते संक्रांतीले. संक्रांत झाली, शिवरात्री झाली, काच अजून फुटलेलीच आहे. मी विचारलं नाही. मले काय करायचं आहे.

सायकल ठेवली आमच्या घरी, समोरच्या खोलीत, चादर पांघरून, सुमतीले दिसू नये म्हणून. हेल्मेट गव्हाच्या कोठीत. अन् रोज सकाळी पाचले सराव. माउंटन कुठी आहे विचारत होती ना मी? दारातच निघाला! मागच्या वर्षी सिमेंटचा रस्ता केला, तो दोन हात उंच अन् घरं सगळी खड्ड्यात. फाटकातून रस्त्यावर जायले जो रॅम्प आहे तो भाऊजींले चार दिवस चढता आला नाही. मागून हे, साखरेच्या गोळ्या खाणारा माणूस, सीट धरून पळत, ‘भाऊ, पायडल मारा, भाऊ, समोर पाहा!’ आठव्या दिवशी रॅम्प चढले. विसाव्या दिवशी अमरावती रोडचा उड्डाणपूल. हे मागं पळतच. सुमतीले सांगायचे, मॉर्निंग वॉकले चाललो.

एके दिवशी सुमती आली विरजण मागायले. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत ती समोरच्या खोलीत उभी. चादरीतून हँडल असं वर आलेलं. मले म्हणते, ‘वहिनी, हा बैल कधी आणला?’

मी म्हटलं, ‘अश्विनची आहे, आमच्या.’ आता आमचा अश्विन अमरावतीले शिकते, तिथं त्याची गाडी आहे, हे तिले माहीत नाही का? तिनं चादर उचलली. हँडलले कागद बांधला होता, भाऊजींचं सुवाच्य अक्षर, ‘साखळीस तेल : दर रविवारी.’ तिनं तो वाचला. किती वेळ वाचला. एवढासा कागद. मग चादर नीट केली, कडा ओढून, जसं झोपलेल्या माणसाले पांघरतात.

म्हणाली, ‘तुळसाबाई दोन महिन्यांपूर्वीच सांगून गेली, साहेब महादेवाला जाऊन संन्यास घेणार म्हणून. तेव्हापासून मी पाहतेय, संन्यासी पहाटे हेल्मेट घालून कुठं जातो ते. तुम्ही मला काही सांगितलं नाही, वहिनी. आणि मी काही पाहिलं नाही. त्यांना वाटू दे.’

अन् विरजण घेऊन गेली.

आता माही हालत पाहा. त्यांचं गुपित तिच्यापासून, तिचं गुपित त्यांच्यापासून, अन् दोन्ही माह्या एका पोटात. दहा दिवस मले अन्न गोड लागलं नाही.

शिवरात्रीच्या पाच दिवस आधी भाऊजी निघाले. सुमतीले सांगितलं, गौरांगकडं पुण्याले चाललो. पुण्याले, हेल्मेट घालून. ती म्हणाली, ‘जपून जा.’ अन् तिसऱ्या दिवशी ह्यांच्या गोडाऊनची गाडी छिंदवाड्याले माल घेऊन जात होती, त्यात डायव्हरच्या बाजूले बसून सुमती निघाली. मांडीवर डबा. जाताना दोन्ही घरच्या किल्ल्या माह्या हातात दिल्या, म्हणाली, ‘तुळशीला पाणी घाला.’ एवढं मोठं नाटक, अन् मी तुळशीले पाणी घालून राहिली!

तामियाचा घाट चढून भाऊजी एका चहाच्या टपरीवर आले, तं बाकावर सुमती बसलेली, डबा उघडून. हे मले नंतर कळलं. काय बोलले दोघं ते दोघंही सांगत नाहीत. मी वेगवेगळं विचारून पाहिलं.

सुमती गेल्यापासून चार दिवसात दोघं येणार होते. सहा झाले, सात झाले, फोन लागेना. पाचव्या घरची बाई म्हणते, दोघंही साधू झाले का वं? नवव्या दिवशी उतरले रिक्षातून, टपावर सायकल, दोघं काळेठिक्कर, हसून राहिले. लग्नानंतर कुठी गेले नव्हते म्हणे कधी, म्हणून राहिले तिथं. तपासणीही परवा झाली सुमतीची. सगळं साफ.

मी म्हटलं, ‘भाऊजी, त्या दिवशी तुम्ही फोनवर “आणि परत” असं म्हटलं, पुढं काय होतं हो?’

‘आणि परत येताना बसनं येईन, सायकल टपावर टाकून. गौरांगला सांगत होतो. का?’

काही नाही म्हटलं. पण हिशेब पाहा तुम्ही. महादेवाकडं निघाले, हे खरं निघालं का नाही? सुमतीले कळू न देता, हे अर्धं खरं. अन् परत येत नाही, तं वेळेवर कुठी आले? म्हणजे मी अगदीच खोटं नव्हती बोलली.

मग सुमतीनं माह्या हातावर प्रसाद ठेवला. म्हणते, ‘वहिनी, चौरागडावर मी पण नवस बोलले. चंपतरावांची साखर खाली येऊ दे, आमच्या गोपिकावहिनी सायकलीवर येतील.’

मी म्हटलं, ‘वं सुमती, मले सायकल येत नाही.’

‘म्हणून तर पुढच्या शिवरात्रीपर्यंतची मुदत घेतली.’

काल ह्यांचा रिपोर्ट आला. साखर खाली. एकदम खाली! आता दोन महिने माणूस रोज सायकलीमागं पळला, तं ती राहीन का वर? हे मले कळते. पण असं मोठ्यानं बोलायची हिंमत आहे का माही? उद्या वर गेली तं?

म्हणून आज सकाळपासून मी रॅम्पवर आहे. अंगात सलवार, डोक्यावर ते हेल्मेट, त्यातून अजून गहू पडून राहिला. चौतीस दात, एकवीस गिअर, अन् मले ब्रेक सापडत नाही. मागून हे सीट धरून पळून राहिले अन् अंगणातून भाऊजी रजिस्टरमधी नोंद घेऊन राहिले, ‘दिवस पहिला, प्रगती नाही.’ अन् या सगळ्या भिंतींवर पाहा, बायाच बाया उभ्या. विचारलं तं म्हणतात, ‘काही नाही वं, कढीपत्ता तोडून राहिलो.’

अख्ख्या लेआउटमधी कढीपत्त्याचं झाड एकच आहे. माह्या दारचं.

तोडा बाप्पा, तोडा. मले काय करायचं आहे.